उघाडीच्या फळ्या

कोलशेतच्या हवाबंगल्याबद्दल मुंबईच्या एका वर्तमानपत्रात परवा कोणीतरी दोन रकाने लिहिले आहेत. खाडीचा वारा, होड्यांची मौज, पाण्यावर उतरणारे बगळे, सगळं त्यात आलं आहे. बंगल्यापुढचं ते विस्तीर्ण तळं निसर्गानेच तिथे घातलं, असंही त्या गृहस्थाने ठोकून दिलं आहे. मी मजकूर दोनदा वाचला आणि अंक भिरकावून दिला. बायको म्हणाली, या वयात एवढा संताप बरा नाही. तिचं खरं आहे. पण ते तळं निसर्गाने घातलेलं नाही. त्या पाण्याखाली सत्तर बिघे भातशेती आहे. ती बुडाली तेव्हा मी, श्रीपाद, त्याच बंगल्यावर कारकून होतो, आणि ती का बुडाली हे सांगायचं तर महिपतबद्दल सांगावं लागेल. महिपत गेल्या आषाढात वारला. त्याच्याबद्दल कोणी दोन ओळीही लिहिणार नाही.

महिपत कोलशेतचा आगरी. बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा आणि बोललाच तर चिमटा काढणारा. मी पंचांगातली तिथी वाचून दाखवली की तो हसायचा. चिखलात पायाचा अंगठा रुतवून तो सांगायचा, आज भरती अमुक दगडापर्यंत चढेल, आणि ती तिथवरच चढायची. मी त्याला पहिल्यांदा भेटलो सन १८७१ साली, नौपाड्यातून बैलगाडीने नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या दिवशी. बांधावरून जाताना माझा नवा जोडा चिखलात अडकला आणि डोईवरची पगडी सावरत मी एका पायावर उभा राहिलो. महिपतने जोडा उपसला, धुतला, माझ्यापुढे ठेवला. खाडी नव्या माणसाचा एक जोडा ठेवून घेते, म्हणाला; तुमचा परत दिलाय, म्हणजे तुम्ही इथे टिकाल. मी सतरा वर्षं टिकलो. खाडीने जोडा ठेवून घेतला असता आणि मला घरी पाठवलं असतं तर फार बरं झालं असतं.

तेव्हा त्या जागेला नुसतं शेठची बाग म्हणत. नसरवानजी शेठने आगगाडी येण्याच्याही आधी ती पडीक खारी जमीन घेतली, टेकाडावर आंबे आणि नारळ लावले, बंगला बांधला, आणि खाली खाडीच्या कडेने अर्ध्या कोसाचा बांध घातला. बांधाच्या आत गावातली चाळीस घरं शेठची कुळं म्हणून भात पिकवायची. खाऱ्या मातीत येणारा तांबडा भात. शेठला त्याचं मोठं कौतुक. दर वर्षी कापणीला तो सहकुटुंब यायचा, खळ्यावर खुर्ची टाकून बसायचा आणि नव्या तांदळाची पेज प्यायचा.

या सगळ्याचा जीव बांधातल्या उघाडीत होता. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं दार. दगडी चौकट, तिला उभ्या खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या आठ सागवानी फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती चढायच्या आत त्या परत बसवायच्या. एवढंच काम, पण ते पावसाळाभर दिवसातून दोनदा, आणि एकदा चुकलं तर समुद्र शेतात. बांध घातला तेव्हा शेठने हे काम महिपतच्या आजाला दिलं. त्यानंतर त्याच्या बापाकडे आणि मग महिपतकडे आलं. सुगीला प्रत्येक घर त्याला सूपभर भात न मागता आणून द्यायचं.

उघाडीपाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, बापदेव. त्याच्यापुढे गावाने एक बोली केलेली होती. फळ्यांना महिपतच्या घरातल्या पुरुषाखेरीज कोणी हात लावायचा नाही, आणि सुतकात त्यानेही लावायचा नाही. सुतकात बहिणीच्या नवऱ्याने यायचं आणि दहा दिवस काम बघायचं. महिपतचा बाप गेला तेव्हा असंच झालं होतं. त्याच्याही आधी कधीतरी एका परक्या माणसाने घाईत फळ्या लावल्या, त्या रात्री बांध फुटला आणि दोन माणसं वाहून गेली, असं म्हातारे सांगत. मी तेव्हा हे ऐकून मनात हसत असे. पुढे हसू आलं नाही.

शेठ चौऱ्याहत्तर साली वारला. मुलांना मुंबई सुटेना आणि बागेत रसही नव्हता. त्यांनी एक मॅनेजर नेमला. त्याचं नाव घेत नाही, त्याची मुलंबाळं अजून ठाण्यात आहेत. माणूस हुशार. ठाण्यापर्यंत आगगाडी आहे, पुढे बैलांच्या दमणीने तासाभराचा रस्ता, मुंबईतल्या पैसेवाल्यांना हवा खायला असं ठिकाण मिळालं तर ते उड्या मारत येतील, हे त्याने बरोबर ओळखलं. बंगल्याला दोन सोपे वाढवले. बिलियर्डचं टेबल आलं. ज्या खळ्यावर शेठ पेज प्यायचा तिथे हिरवळ लावली आणि मडमा तिथे लाकडी हातोड्याने चेंडू टोलवू लागल्या. गावाने मळणीसाठी दुसरी जागा सारवून घेतली. लोक त्या जागेला हवाबंगला म्हणू लागले. पाहुणे येत, दोन दिवस दाबून जेवत, वाऱ्याकडे तोंड करून खुर्चीत पडत आणि प्रकृती सुधारली म्हणून सांगत परत जात.

मग मॅनेजरला होड्या पाहिजे झाल्या. खाडीत चिखल आणि ओढ, तिथे बायकामुलांना कोण बसवणार. उघाडीच्या आतल्या बाजूला एक सखल जागा होती, तिथे पाणी साठवायचं त्याने ठरवलं. पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत उरत नसे, म्हणजे खाडीचंच घ्यायला हवं. महिपतने हे ऐकलं. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, मी नाही म्हटलं तर साहेब दुसऱ्या कोणालातरी फळ्या काढायला लावेल, आणि त्याला पाणी कळणार नाही. त्यापेक्षा मीच करतो. त्याने सखल जागेभोवती मातीचा छोटा बांध घातला. अष्टमीच्या सुमाराला भरती कमी असते, तिला भांग म्हणतात. त्या दिवशी पहाटे फळ्या काढायच्या, तेवढ्यापुरतं पाणी आत घ्यायचं आणि भरती टेकली की लगेच फळ्या लावायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडी घट्ट बंद. दोन वर्षं त्याने हे असं निभावलं की होड्याही चालल्या आणि भाताच्या एका लोंबीलाही खार लागला नाही. पाहुण्यांना पाणी पाहिजे, भाताला नको, दोघांचीही मर्जी राखतो, असं तो म्हणायचा. त्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा.

तिसऱ्या वर्षी, सन १८७९, आश्विन वद्य अष्टमी. भाताचा दाणा भरत आला होता, कापणी पंधरा दिवसांवर. महिपतने पहाटे आठही फळ्या काढून बांधावर रचून ठेवल्या आणि पाणी भरायची वाट बघत बसला. सूर्य उगवता उगवता घरून बोलावणं आलं. त्याची आई हौसाबाई आदल्या दिवसापासून तापाने पडलेली होती. तो धावला. पोचला तेव्हा म्हातारी गेली होती.

सुतक लागलं आणि फळ्या बांधावर राहिल्या.

बहिणीच्या नवऱ्याला बोलवायचं, तर बहीण आणि नवरा दोघंही आदल्या साली पटकीने गेलेली. तिच्याखेरीज दुसरी बहीण नव्हती. भाऊबंद होते त्या सगळ्यांना तेच सुतक. भांगाचं पाणी चार-पाच दिवस छोट्या बांधाच्या आतच चढत-उतरत राहील, पण अमावास्येला, म्हणजे ऐन दिवाळीत, उधाण येणार आणि सुतक फिटायला तेव्हाही दोन दिवस उरणार, हे गावातल्या पोरासोरांनाही कळत होतं. चाळीस घरांनी मिळून पाट्यांनी चिखल वाहिला आणि छोटा बांध वर चढवायला घेतला. फळ्या दहा पावलांवर पडलेल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

एकादशीला गावातला वडीलधारा सहदेव चार माणसं घेऊन माझ्याकडे कचेरीत आला. महिपत मागे, उंबऱ्याबाहेर, कोणाला शिवणार नाही असा उभा होता.

"भाऊ, तुमी बामन," सहदेव म्हणाला. "शास्तर काय बोलतं? येनं सुतकात फल्या लावल्या त चालंल काय? तुमी हो बोललाव त गाव हो बोलंल."

आता जे लिहितो ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. माझे वडील नौपाड्यातले याज्ञिक. मी आठ-दहा वर्षांचा असताना एक सुतार आमच्या ओटीवर असाच प्रश्न घेऊन आला होता. वडिलांनी त्याला सांगितलं होतं की कारागिराला त्याच्या कामापुरतं सुतक नाही. स्नान करावं आणि हत्यार हातात घ्यावं, शास्त्राने तशी मोकळीक दिलेली आहे. वडिलांचा आवाज, सुताराचा उतरलेला आणि मग फुललेला चेहरा, सगळं मला आठवत होतं. त्या क्षणी, त्या पाच माणसांसमोर, स्पष्ट आठवत होतं.

आणि हेही आठवत होतं की त्याच दिवशी सकाळी मॅनेजरने मला बोलावून सांगितलं होतं, दिवाळीला मुंबईची मोठी माणसं येतायत, उधाणाचं पाणी आत येऊन तळं तुडुंब भरलं पाहिजे, तोवर फळ्या लागता कामा नयेत, लागल्या तर दुसरा कारकून बघतो. तो माणूस बोललेलं करायचा.

मी म्हणालो, "शास्त्रात दहा दिवस सांगितलेत. देवाची बोली आहे. ती मोडा असं मी कसं म्हणू?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. सहदेवने मान हलवली. त्यांना माझा रागही आला नाही, उलट बामनाने आपल्या देवाचा मान राखला म्हणून त्यांना बरंच वाटलं. महिपतने उंबऱ्याबाहेरून मला हात जोडले. मी वहीत तोंड खुपसलं आणि ते गेल्यावर स्वतःला समजावलं की त्यांचा देव, त्यांची बोली, आपण कोण मोडणारे. माणसाला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही. मला पानाचा विडा लावण्याइतकाही लागला नाही.

गावात एकच माणूस होतं ज्याला हे पटलं नाही. महिपतची बायको रखमाबाई. उंच, फटकळ, कापणीत चार पुरुषांच्या पुढे असणारी बाई. धनत्रयोदशीच्या सकाळी भरती छोट्या बांधाच्या कडेला लागली आणि चिखल ढासळू लागला. सगळं गाव बांधावर होतं, आणि पाण्याची शोभा बघायला मीही सोप्यावरून खाली उतरलो होतो. रखमाबाई पदर खोचून सरळ फळ्यांकडे गेली.

"तुमी नाय लावत त मी लावतंय," ती नवऱ्याला म्हणाली. "देव कोपला त माज्यावर कोपंल. मेल्या मानसाचं सुतक, जित्यांनी का म्हून उपाशी मरायचं?"

तिने वरची फळी दोन्ही हातांनी उचलली. महिपतने धावत जाऊन ती हिसकावली नाही, कारण फळीला हात लावायचा नव्हता. त्याने बायकोच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावासमोर. फळी तिच्या हातून पडली. महिपत कधी कोणावर हात उगारणारा माणूस नव्हता. रखमाबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग डोईवर पदर घेऊन घरी गेली. मी तिथून पंधरा पावलांवर होतो. एक वाक्य बोलायला पंधरा पावलं काही फार लांब नव्हती.

अमावास्येला दुपारी उधाण आलं. छोटा बांध साखरेसारखा विरघळला आणि खाडी सत्तर बिघ्यांवर पसरली. पाणी बंगल्याच्या पायऱ्यांना लागलं. पाहुणे फराळाची ताटं हातात घेऊन सोप्यावर आले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी मला विचारलं, पाण्यातून ते पिवळे शेंडे दिसतायत ते कसले. मी सांगितलं, गवत आहे.

अकराव्या दिवशी महिपत न्हाऊन, नारळ घेऊन उघाडीवर गेला. गावही मागे गेलं. पण दहा दिवस एवढं पाणी त्या अरुंद दारातून आतबाहेर घुसत होतं. त्या पाण्याने चौकटीखालचा दगड उखडून नेला होता आणि एका बाजूची खाच फुटली होती. महिपतने पहिली फळी लावली, ती तिरपी झाली आणि वाहून गेली. दुसरीही गेली. तिसरी त्याने हातात धरून ठेवली आणि तसाच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. शेवटी सहदेवने त्याला हाताला धरून वर काढलं.

मॅनेजर खूश. शेठच्या मुलांना त्याने लिहून कळवलं की तळं अपेक्षेपेक्षा मोठं झालं आहे. उघाडीच्या जागी घडीव दगडाची भिंत आली, तिने पाणी आत अडवून ठेवलं. कुळांना कुठे जाता येणार होतं? जमीन शेठची. एक-दोन वर्षं त्यांनी वाट बघितली. मग काही मिठागरांवर गेले, काही कल्याणला रेल्वेच्या कामावर खडी टाकायला. चाळिसातली अकरा घरं उरली. बाकीच्या घरांची छपरं एकेक पावसाळ्याने खाली आणली.

महिपतला कोणी दोष दिला नाही. त्याने बोली पाळली होती. दोष रखमाबाईला लागला. सुतकात बाईने फळीला हात लावला म्हणून बापदेवाने चौकट फोडली, असं सगळ्या गावाचं मत झालं, आणि जे गाव सोडून गेले तेही तेच मनात घेऊन गेले. तिला कोणी शिवी दिली नाही. फक्त लग्नात हळद लावायला तिला कोणी बोलवेना, आणि ती विहिरीवर आली की इतर बायका कळशी अर्धवट भरूनच निघून जात. सगळ्यात वाईट हे की तिलाही ते पटलं. ती फटकळ बाई बोलेनाशी झाली. हवाबंगल्याच्या मुदपाकखान्यात ती भांडी घासायची आणि दर वद्य त्रयोदशीला बापदेवाला नारळ ठेवून नाक घासायची. महिपतला मॅनेजरने होडीवर ठेवलं. जिथे त्याच्या आजाने पहिला भात लावला होता त्याच्यावरून तो पाहुण्यांना वल्हवत फिरवायचा.

मी हे नऊ वर्षं रोज पाहिलं. रखमाबाई मला भेटली की विचारायची, भाऊ, घरी सगळी बरी हायत ना. मी हो म्हणायचो. रोज वाटायचं की उद्या सांगू.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात ती वारली. छातीत कफ धरला होता. तिच्या बाराव्यानंतर मी महिपतला भेटायला गेलो. तो तळ्याच्या पायऱ्यांवर होडीची दोरी गुंडाळत बसला होता. मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं आणि जाण्याआधी मनावरचं ओझं उतरवायचं होतं. हो, ओझं उतरवायलाच गेलो होतो, त्याला धीर द्यायला नव्हे. मी त्याला सुताराची गोष्ट सांगितली. वडील काय म्हणाले ते सांगितलं. मॅनेजरने मला सकाळी काय बजावलं होतं तेही सांगितलं.

तो दोरी गुंडाळतच होता.

"निस्तं न्हावून लावल्या असत्या त चालल्या असत्या?" त्याने विचारलं.

"चालल्या असत्या."

"तवा तुमाना म्हाईत व्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

मला वाटलं तो मला मारेल. त्याने मारावं असं मला फार वाटत होतं. त्याच्या हातातली दोरी थांबली, एवढंच. तो पाण्याकडे बघत होता, जिथे पूर्वी उघाडी होती त्या बाजूला.

"मरताना रखमी माजे पाय धरून माफी मागत व्हती, भाऊ," तो म्हणाला. "मी दिली."

सोप्यावर घंटा झाली. पाहुणे छत्र्या उघडून पायऱ्या उतरत होते. महिपत उठला, होडी काठाला ओढून धरली आणि एकेकाला हात देऊन आत बसवू लागला.